अनोळखी स्त्री, क्रमांक तीन

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईला सगळं हॉस्पिटल आकडेबाई म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. दिसेल त्या वस्तूला नंबर लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कपाटांना नंबर, किल्ल्यांना नंबर, बाहेरच्या बाकांनाही नंबर. घरी सासूबाईंना गोळ्या कुणी कधी द्यायच्या, याचाही तक्ता करून तिनं फ्रिजवर चिकटवला होता. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या नणंदेनं तो फाडला आणि केराच्या टोपलीत टाकला. माझ्या आईला गोळी द्यायला मला तुझा नंबर लागत नाही, असं म्हणून ती जिना उतरून गेली. त्याला सहा महिने झाले होते. पंचाईत अशी की नणंद याच हॉस्पिटलच्या तळघरात, रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं इंटरकॉमवर, कामापुरतं आणि मोजून मापून.

आकडेबाईचा खरा अभिमान मात्र एकच होता, अनोळखींचा रकाना. बेशुद्ध पेशंट आला, सोबत कुणी नसलं, खिशात कागद नसला, की कॉम्प्युटरवरच्या त्या दिवसाच्या तक्त्यात नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष' किंवा 'अनोळखी स्त्री' लिहायची पद्धत होती. असे तीन-चार एकदम आले की कोण कोणती हे कळायला नंबर लागतो. पूर्वी तो हातानं टाकत. एकदा एका कारकुनानं दोन बायकांना एकच नंबर दिला आणि एकीचं प्लास्टर दुसरीच्या पायावर चढता चढता राहिलं. त्यानंतर आकडेबाईनं शेजारच्या रकान्यात एक फॉर्म्युला बसवला. वरपासून या ओळीपर्यंत हे नाव किती वेळा आलं ते मोज आणि तो आकडा इथं मांड, एवढंच त्याचं काम. पहिली अनोळखी स्त्री आली की एक, पुढची आली की आपोआप दोन. माणसानं नंबर टाकायचाच नाही, म्हणजे माणसाची चूक व्हायचीच नाही. अधीक्षक मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि वर्षभर ती पाठ ताठच राहिली.

त्या दिवशी सकाळी पावणेनऊला पुलाच्या उतारावर दोन बस समोरासमोर धडकल्या. दहाच्या आत एकोणतीस जखमी दारात. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, स्ट्रेचरची चाकं एकमेकांत अडकत होती. आकडेबाईला असल्या गर्दीत उलट हुरूप येई. ओळ भरायची, शेजारी नंबर उमटला की मनगटाची पट्टी छापायची, आणि ती पट्टी स्वतः जाऊन बांधायची. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. अनोळखी पुरुष सहा झाले, अनोळखी स्त्रिया पाच. तिसरी बाई नऊ वाजून वीस मिनिटांनी आली. तिच्या एकाच पायात बूट होता आणि पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. पट्टी बांधताना तिनं डोळे न उघडता आकडेबाईचं बोट धरलं. ते सोडवून घ्यावं लागलं, कारण मागे चौथी येऊन थांबली होती.

मग पावणेअकराला एक चांगली गोष्ट घडली. दुसऱ्या अनोळखी बाईची मावशी सापडली. म्हातारी तास-दीड तास प्रत्येक स्ट्रेचरपाशी वाकून बघत होती. शेवटी स्वेटरच्या बाहीवरचं वेगळ्या लोकरीचं रफू तिनं ओळखलं, कारण ते तिनंच केलं होतं. ती खिडकीशी आली आणि भाचीचं नाव, आडनाव, वय सांगताना रडायला लागली. आकडेबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्या ओळीतलं 'अनोळखी स्त्री' पुसलं आणि तिथं मुलीचं पूर्ण नाव लिहिलं. सकाळपासून लिहिलेला तो पहिला आनंदाचा शब्द होता. मावशी भाचीचे कपडे आणायला घरी गेली, आणि आकडेबाई पुढच्या कागदाकडे वळली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बायकांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. पाच नंबरच्या अनोळखी बाईचा एक्स-रे नोंदवायचाय आणि तुमच्या यादीत पाच नंबरच नाही, असं ती म्हणत होती. आकडेबाईनं जरा हसूनच सांगितलं की नीट बघा, असणारच. सिस्टर म्हणाली, बाईच्या मनगटावर पाच आहे, मी तिचा हात धरून उभी आहे. आकडेबाईनं यादी खाली सरकवली. एक, तीन ओळी सोडून दोन, मग तीन, मग चार. पुढं काही नव्हतं. तिनं पुन्हा वरून मोजलं. अनोळखी स्त्रिया चारच होत्या.

तेव्हा तिला उमगलं. बायका चार नव्हत्या, पाचच होत्या. फक्त एकीला आता नाव होतं. आणि फॉर्म्युला बिचारा सांगितलं तेवढंच करत होता. वरपासून मोजताना त्याला एक अनोळखी स्त्री कमी मिळाली होती, म्हणून त्यानं खालच्या सगळ्यांना मुकाट्यानं एकेक पायरी वर सरकवलं होतं. मनगटावर तीन असलेली बाई तक्त्यात आता दोन होती. चौथी तीन झाली होती. पाचवी चार. मनगटावरच्या पट्ट्या मात्र जिथल्या तिथं, तिनं स्वतः गाठ मारून बांधलेल्या. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं, कारण वर्षभरात एका वेळी दोनपेक्षा जास्त अनोळखी बायका कधी आल्या नव्हत्या, आणि ओळख पटायची ती नेमकी शेवटच्या बाईची.

रक्तपेढी हाच तक्ता बघते, हे तिला पुढच्याच क्षणी आठवलं. रक्ताचा गट त्याच ओळीत भरतात आणि पिशवीवरची चिठ्ठीही त्याच ओळीवरून छापतात. तिनं ओळी पाहिल्या. नऊ वीसला आलेल्या बाईचा गट ओ होता. तिच्याखालची, मनगटावर चार असलेली, बी गटाची होती, आणि स्क्रीनवर आता त्या बी गटासमोर ठसठशीत तीन लिहिलेलं होतं. तिनं तळघराचा नंबर फिरवला.

"ताई, अनोळखी स्त्री तीन. पिशवी गेली का?"

"गेली. पाच मिनिटं झाली, थिएटरमध्ये." नणंदेचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता.

"चिठ्ठीवर गट कुठला?"

"बी. का?"

"ती बी नाही. बी गटाची चौथी आहे. मी एकीचं नाव लिहिलं आणि खालचे सगळे नंबर सरकले. थिएटरमध्ये आहे तिचा गट ओ आहे."

ओ गटाच्या माणसाला बी रक्त दिलं तर काय होतं, हे त्या दोघींपैकी एकीलाही शिकवण्याची गरज नव्हती. आपल्या हातानं विष पाजण्याचाच तो एक प्रकार आहे.

"पुरुषांचं पण थांबवू?" नणंदेनं विचारलं. "चौघांच्या पिशव्या निघतायत. त्यातल्या एकाची नाडी हातालाही लागत नाहीये."

इथं आकडेबाईच्या जिभेवर 'सगळं थांबवा' असंच आलं होतं. घाबरलेला माणूस सगळंच थांबवतो. पण तिनं स्वतःला आवरलं. फॉर्म्युला नावं मोजतो. पुरुषांचे नंबर पुरुषांवरून ठरतात, आणि सकाळपासून एकाही अनोळखी पुरुषाची ओळख पटलेली नव्हती. तिनं सहाच्या सहा ओळी बोट ठेवून मोजल्या.

"पुरुषांचं जाऊ द्या. फक्त बायका, दोनपासून पुढं. मी वर पळते, थिएटरला फोन कुणी उचलत नाही."

दप्तरप्रमुख मागे उभे राहून ऐकत होते. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर 'बघू' हे असे. आज मात्र ते पहिल्यांदाच झटपट बोलले. त्यांचं म्हणणं असं की त्या मुलीचं नाव काढून परत अनोळखी लिही, नंबर जागच्या जागी बसतील, आणि थिएटरमधल्या सिस्टर पिशवी लावताना तपासतातच, तेव्हा उगाच बोभाटा नको. आकडेबाई पदर खोचत म्हणाली की तपासतात म्हणूनच भीती आहे. पिशवीवर तीन, मनगटावर तीन. त्या तपासतील आणि जुळलं म्हणून लावतील. एवढं बोलून ती निघाली.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकलं होतं. थिएटर दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चव्वेचाळीस, हे तिला माहीत होतं, कारण त्याही तिनं कधीतरी मोजल्या होत्या. तिसाव्या पायरीला तिच्या छातीत कळ आली तरी ती थांबली नाही. थिएटरच्या दारापुढं तांबडी रेघ मारलेली असते आणि तिच्या पलीकडे बाहेरच्या चपलेनं जायचं नसतं. वीस वर्षांच्या नोकरीत तिनं ती रेघ कधी ओलांडली नव्हती. तिनं चपला उडवल्या, अनवाणी आत गेली आणि आतल्या दाराच्या काचेच्या खिडकीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

आत सिस्टर रक्ताची पिशवी लोखंडी दांडीला अडकवत होती. खिडकी जेमतेम वीतभर उघडली.

"ते रक्त लावू नका. ते या बाईचं नाही."

सिस्टरनं पिशवीवरची चिठ्ठी पाहिली, चादरीखालून मनगट काढलं, तेही पाहिलं. तीन आणि तीन. जुळतंय की हो, असं ती म्हणाली, आणि तिच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. टेबलावरून सर्जननं मान वर न करता विचारलं की काय गोंधळ आहे. भूलतज्ज्ञ रक्तदाब सांगत होता आणि तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी होता. सर्जननं सांगितलं, प्लीहा फुटली आहे, दहा मिनिटांत रक्त मिळालं नाही तर पुढचं करायची गरजच उरणार नाही. नोंदणीच्या कारकुनाच्या सांगण्यावरून आम्ही हातातलं रक्त फेकून द्यायचं का?

प्रश्न रास्त होता. ती चुकत असली, तर ती आत्ता या बाईला स्वतःच्या हातानं मारत होती.

"डॉक्टर, तीन हा नंबर मीच दिला आणि मीच बदलला," ती म्हणाली. "ही नऊ वीसला आली. एका पायात बूट होता. पट्टी मी बांधलीय, तिनं माझं बोट धरलं होतं. त्या ओळीत ओ गट आहे. ही पिशवी बीची आहे. खालून ओची पिशवी येतेय, माझी नणंद घेऊन येतेय."

सर्जननं पहिल्यांदाच मान वर केली. मग त्यानं सिस्टरला पिशवी उतरवायला सांगितली. नळीचा चिमटा अजून उघडला नव्हता.

त्यानंतरची सहा मिनिटं आकडेबाईनं भिंतीला टेकून काढली. येतेय असं ती म्हणाली खरं, पण नणंदेनं तसा शब्द दिला नव्हता. तिनं फक्त फोन ठेवला होता. सहा महिने जिनं तोंड फिरवलं, तिच्या भरवशावर आपण एका बाईचा जीव टांगलाय, हे आकडेबाईला आता कळलं. आणि मग जिन्यात धापा ऐकू आल्या. पन्नाशीची, गुडघे दुखणारी नणंद, एका हातात बर्फाचा डबा आणि दुसऱ्या हातात नऊ वीसच्या बाईच्या रक्ताच्या नमुन्याची नळी घेऊन तळघराच्या पायऱ्या आणि वर या चव्वेचाळीस चढून आली होती. नळीवरच्या पट्टीवर तीन होतं, गट ओ. तिनं डबा खिडकीतून आत दिला, नळी सिस्टरच्या डोळ्यांसमोर धरली, आणि मग तिथंच जमिनीवर बसली. भावजयीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी एक वाजता सर्जन बाहेर आला. बाई टिकली, एवढं सांगून तो पाणी प्यायला गेला. वॉर्डातल्या चौथ्या बाईलाही तिच्या गटाचं रक्त चढलं होतं.

तीन वाजता अधीक्षक मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. थिएटरमध्ये चुकीची पिशवी पोचली, ही साधी गोष्ट नव्हती. टेबलावर ती पिशवी ठेवलेली होती, चिठ्ठीवर तीन, गट बी, खाली नणंदेची सही. बघूसाहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सकाळचा तक्ता उघडला, आणि आकडेबाई बघतच राहिली. तक्ता स्वच्छ होता. अनोळखी स्त्रिया पाच. तिसरीसमोर ओ, चौथीसमोर बी, सगळं पट्ट्यांबरहुकूम. ती जिना चढत असताना साहेबांनी मावशीच्या भाचीचं नाव काढून पुन्हा अनोळखी लिहून टाकलं होतं. तक्त्यात कुणी केव्हा काय बदललं याची नोंद राहत नसे.

मॅडमनी नणंदेला विचारलं की तक्त्यात तिसरीचा गट ओ दिसत असताना चिठ्ठी बीची कशी छापली. नणंद म्हणाली, स्क्रीनवर तीनपुढं बी होतं. मॅडमनी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. नणंदेनं पुन्हा तेच सांगितलं. घाईत नळीशी ताडून पाहिलं नाही, ते चुकलं, हेही तिनं कबूल केलं. तेवढ्या कबुलीवर सगळ्यांचे चेहरे सैलावले. गुन्हेगार सापडला की माणसांना हायसं वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

आकडेबाई गप्प होती. तिला मूग गिळायला कुणी सांगितलं नव्हतं, आयते तोंडात आले होते. तिचा रकाना निर्दोष दिसत होता. नोकरी, नाव, ताठ पाठ, सगळं वाचत होतं, आणि बुडत कोण होतं, तर फ्रिजवरचा तक्ता फाडणारी. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण तिला क्षणभर बरंही वाटलं.

थिएटरच्या सिस्टरनंच मधे तोंड घातलं. या बाई तर नंबर मीच बदलला म्हणत होत्या, असं ती म्हणाली. बघूसाहेब समजूतदारपणे हसले. ते म्हणाले, दोघी नणंद-भावजय आहेत मॅडम, घरच्या माणसाला वाचवायला माणूस काहीही बोलतो.

नणंदेनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर इतकं निखळ आश्चर्य होतं, की आकडेबाईला ते बघवेना. या बाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं, की भावजय आपल्यासाठी बोलेल.

आकडेबाई उठली. बघूसाहेबांच्या समोरून तिनं कळफलक ओढून घेतला.

"सगळ्यांनी नंबरांच्या रकान्याकडे बघा," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्या अनोळखी स्त्रीच्या ओळीत जाऊन ते दोन शब्द पुसले. मावशीनं सांगितलेलं नाव तिला पाठ होतं. ते तिनं एकेक अक्षर लिहिलं आणि बटण दाबलं. भिंतीवर तीनचे दोन झाले, चारचे तीन, पाचचे चार. आवाज झाला नाही, काही लुकलुकलं नाही. फक्त बी गटासमोर आता तीन लिहिलेलं होतं, जसं टेबलावरच्या पिशवीवर होतं.

मग मॅडमनी विचारलं की हे कुणी बनवलं. आकडेबाई म्हणाली, मी. आणि हे नाव मधल्या वेळात कुणी काढलं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तिनं कळफलक बघूसाहेबांच्या पुढ्यात परत सरकवला. मॅडमनी आपली नजर बघूसाहेबांवर नेली आणि ती तिथंच ठेवली.

चौकशी होईपर्यंत आकडेबाईनं खिडकीवर बसायचं नाही, असं ठरलं. नणंदेला नळी न तपासल्याबद्दल लेखी खुलासा द्यायचा होता. बघूसाहेबांना मॅडमनी एकट्यांना थांबवून घेतलं.

बाहेर आल्यावर दोघी जिन्यापर्यंत चालल्या. पहिल्या पायरीवर नणंद थांबली, गुडघ्यावर हात ठेवून.

"खरं सांगू? मी तुझ्या जागी असते, तर गप्प बसले असते."

आकडेबाईनं कठडा धरला. आत्ता हो म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी सहा महिन्यांचं भांडण तिथंच मिटलं असतं, आणि वर मोठेपणा मिळाला असता.

"मीही बसलेच होते, ताई," ती म्हणाली. "मॅडमनी तुम्हाला दोनदा विचारलं ना, तेवढा सगळा वेळ. मला बरं वाटत होतं."

नणंदेनं ते ऐकलं. पण ती तिथून गेली नाही. तिनं उतरण्यासाठी भावजयीच्या खांद्याचा आधार घेतला, कारण गुडघा खरोखरच दुखत होता.